पेट स्कॅन आणि गाठीतली एन्झाइम्स : बेळगाव, खानापूर, निपाणीकडून सतत येणारे प्रश्न

मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्नॉलॉजिस्ट. त्यामुळं माझा फोन म्हणजे पै-पाहुण्यांची चौकशीची खिडकी झालाय. शहापूरची मावशी, खानापूरचे जुने शेजारी, चंदगडकडचे सोयरे, सगळे रिपोर्टचे फोटो पाठवतात आणि खाली लिहितात, "तुम्ही त्या मशीनवर असता न्हवं, मग एवढं सांगा की." तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदा नीट लिहून काढले. सोपे आधी, वाकडे नंतर. औषध चालू-बंद करायचं ते मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. मी यंत्र चालवणारा माणूस आहे.

१. पेट स्कॅनमध्ये नेमकं काय दिसतं? गाठच दिसते ना?

गाठीचा आकार सीटीत दिसतो. पेटमध्ये दिसतं ते गाठीत चाललेलं काम. म्हणूनच आता दोन्ही यंत्रं एकत्र जोडलेली असतात आणि रिपोर्टवर "पेट-सीटी" लिहिलेलं असतं. सीटी म्हणजे गावाचा नकाशा समजा, घरं कुठं, रस्ते कुठं. पेट म्हणजे रात्री टेकडीवरून बघितलं तर कुठल्या घरात दिवा जळतोय ते. घर मोठं असून अंधारात असू शकतं, आणि एवढ्याशा खोपटात रात्रभर भट्टी पेटलेली असू शकते.

ही भट्टी बहुतेक वेळा एखाद्या एन्झाइमची असते. सुईतून दिलेलं औषध त्या एन्झाइमपाशी जाऊन अडकतं, त्यातून किरणं बाहेर पडतात आणि यंत्र ती मोजतं. कुठलं औषध दिलं यावर कुठलं काम दिसणार ते ठरतं. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर खालचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

२. एन्झाइम म्हणजे काय? कॅन्सरच्या गाठीत ते कुठून येतं?

शाळेत आपण ज्याला विकर म्हणायचो तेच. जोंधळ्याच्या भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिलात की गोडसर लागतो, कारण लाळेतलं एन्झाइम पिठाचं साखरेत रूपांतर करत असतं. मटण लवकर शिजावं म्हणून आई कच्ची पपई चोळून ठेवायची. पपईच्या चिकातलं पपेन मांसातली प्रथिनं तोडतं. एन्झाइम स्वतः खर्ची पडत नाही. एकच रेणू तेच काम हजारो वेळा करतो.

एन्झाइम्स प्रत्येक निरोगी पेशीतही असतात. कॅन्सरच्या पेशीत त्यातली काही फाजील वाढलेली असतात, कारण तिला घाई असते: साखर जाळायची घाई, डीएनएची नक्कल काढायची घाई, आजूबाजूचं जाळं कापून बाहेर पडायची घाई. जाळं कापणाऱ्या एन्झाइम्सपैकी काही पपेनच्याच जातकुळीतली. त्यांच्याबद्दल प्रश्न १२ मध्ये.

३. साखरेची सुई देतात म्हणे. मग ते कॅन्सरला खाऊ घालणंच झालं की?

हा प्रश्न निपाणीच्या एका आजींनी मला सुई टोचायच्या आधी तोंडावर विचारला होता, आणि विचारला ते बरोबरच केलं.

सुईतलं औषध एफडीजी, म्हणजे फ्लोरोडीऑक्सिग्लुकोज. ग्लुकोजच्या रेणूतला एक छोटा भाग काढून त्या जागी किरणोत्सारी फ्लोरिन-१८ बसवलेलं असतं. पेशीला ते ग्लुकोजच वाटतं, ती दार उघडून आत घेते. आत हेक्सोकायनेज नावाचं एन्झाइम त्याला फॉस्फेटची गाठ मारतं. खऱ्या ग्लुकोजचा यापुढं प्रवास सुरू होतो. एफडीजीला पुढं जाता येत नाही, कारण पुढच्या एन्झाइमला धरायला जो भाग लागतो तोच आपण काढून टाकलेला असतो. आणि फॉस्फेट लागल्यामुळं बाहेरही पडता येत नाही. बुट्टीत शिरलेल्या खेकड्यासारखी गत. ज्या पेशीत हेक्सोकायनेज जोरात, तिथं जास्त खेकडे अडकतात आणि तिथं पडद्यावर ठिपका गडद दिसतो.

म्हणजे आपला रोजचा पेट स्कॅन हाच मुळात एन्झाइमच्या कामाचा फोटो आहे. गाठी साखर वेगळ्या तऱ्हेनं जाळतात, ऑक्सिजन असतानाही लॅक्टिक ॲसिड तयार करतात, हे जर्मनीच्या ओटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवलं होतं. एफडीजी माणसाला पहिल्यांदा दिलं गेलं ते ऑगस्ट १९७६ मध्ये, अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, आणि तेही मेंदू बघण्यासाठी. कॅन्सरसाठी त्याचा वापर नंतर रुजला.

आता खाऊ घालण्याचं. सुईतलं एफडीजी वजनानं इतकं थोडं असतं की एका चहातल्या साखरेशी त्याची तुलनाच होत नाही. त्यानं गाठ वाढत नाही. आणि घरची साखर बंद करून गाठ उपाशी मरत नाही. गोड नाही खाल्लं तरी लिव्हर ग्लुकोज तयार करतच राहतं. आजींना मी एवढंच सांगितलं, "आज्जी, घासभरसुद्धा नाही यात." त्या म्हणाल्या, "मग टोच."

४. सहा तास उपाशी का ठेवतात? बिनसाखरेचा चहा चालेल का? तंबाखू?

साधं पाणी चालतं, उलट भरपूर प्या. बाकी चार ते सहा तास काही नाही. खाल्लं की इन्सुलिन वाढतं, आणि इन्सुलिन स्नायूंची दारं उघडतं. मग सुईतलं औषध हातापायांच्या आणि हृदयाच्या स्नायूंत जातं, गाठीच्या वाट्याला कमी येतं. बिनसाखरेचा चहा म्हणाल, तर लोक दूध घालूनच घेतात आणि वर "एकच बिस्किट" म्हणतात. म्हणून आम्ही सरसकट नाही म्हणतो. आदल्या रात्री भात-गोड कमी ठेवा, आणि कुंद्याचा डबा पाहुण्यांनी आणला असला तरी दुसऱ्या दिवशी उघडा.

आदल्या दिवशी कष्टाचं काम नको. ऊसतोड नको, पोती उचलणं नको. एकदा एक तरुण आदल्या संध्याकाळी मित्रांबरोबर येळ्ळूरचा राजहंसगड चढून आला होता. मांड्या आणि पोटऱ्या पडद्यावर काळ्याभोर. डॉक्टरांना त्यातून वाट काढावी लागली.

सुई दिल्यावर तासभर शांत पडून राहायचं असतं, आणि खरी गंमत इथं होते. बोलत बसलात तर घशाचे स्नायू चमकतात. चघळत बसलात तर जबडा आणि जीभ. तोंडाच्या कॅन्सरसाठी आलेल्या खानापूरकडच्या एका काकांनी नर्सची पाठ वळताच बंडीच्या खिशातून चंची काढली आणि गालात विडा धरला. ज्या गालाची तपासणी, त्याच गालाचे स्नायू तासभर राबले. काका म्हणाले, "सवयीनं गेलं हो तोंडात." आठवड्यानं पुन्हा यावं लागलं.

थंडीचंही सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. डिसेंबर-जानेवारीत जांबोटीकडून पहाटे दुचाकीवर कुडकुडत आलात, तर मानेजवळ आणि पाठीच्या कण्यालगतची तपकिरी चरबी शरीर गरम ठेवायला साखर जाळते आणि गाठींसारखी चमकते. स्वेटर, शाल, कानटोपी घालून या. आतली खोली यंत्रासाठी थंड ठेवलेली असते, तेव्हा चादर मागायला लाजू नका. कन्नड येत नसेल तर एवढं पाठ ठेवा: यंत्रात आवाज आला "अलुगाडब्याड्री", तर हलू नका.

५. आईला शुगर आहे. गोळी, इन्सुलिन घ्यायचं की नाही?

तारीख घेतानाच सांगा की शुगर आहे, कुठल्या गोळ्या, कुठलं इन्सुलिन. रक्तातली साखर २०० मिलिग्रॅमच्या वर असली तर बहुतेक ठिकाणी पुढची तारीख देतात, कारण रक्तातली खरी साखर आणि सुईतली खोटी साखर एकाच दारात रेटारेटी करतात.

घाबरून सकाळी जादा इन्सुलिन घेऊन साखर उतरवून आलात तर प्रश्न ४ मधला घोटाळा होतो. जलद इन्सुलिन आणि स्कॅनची सुई यांत किमान चार तासांचं अंतर लागतं. मेटफॉर्मिननं आतडी चमकतात. पोटातलं काही शोधायचं असेल तर डॉक्टर ती गोळी दोन दिवस बंद ठेवायला सांगू शकतात. त्यांनी सांगितलं तरच बंद करा.

६. सकाळी आठची वेळ दिली आणि अकरा वाजता परत पाठवलं. असं का करतात?

माझ्याच आत्याच्या बाबतीत एका केंद्रात हे झालं, आणि कुणी धड कारण सांगितलं नाही याचा राग मला अजून आहे. कारण सांगण्यासारखं होतं.

फ्लोरिन-१८ सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात बनतं. भारतात वैद्यकीय कामासाठीचा पहिला सायक्लोट्रॉन मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली सुरू झाला. हे यंत्र गावोगावी नसतं, त्यामुळं पुष्कळ ठिकाणी औषध शिशाच्या जाड डब्यातून गाडीनं येतं. आणि ते साठवून ठेवता येत नाही: दर ११० मिनिटांनी निम्मं होत जातं. हिशेब करून बघा. हुबळी-बेळगाव एवढं, दोन तासांचं अंतर असेल तर निघालेल्यातलं निम्म्याहून किंचित कमी उरतं. पुण्याहून सहा तास धरले तर दहाव्या हिश्शाच्या आसपास. म्हणून रात्रीच जादा बनवून पाठवतात आणि प्रत्येक पेशंटची वेळ मिनिटांत बांधलेली असते. हायवेवर तासभर वाहतूक अडली की रांगेतल्या शेवटच्या एक-दोघांपुरतं औषध उरत नाही. आत्या शेवटची होती.

लांबून येणाऱ्यांनी शक्य तर पहिली वेळ मागून घ्यावी, आणि निघण्यापूर्वी "डोस आला का?" असा एक फोन करावा. उपाशीपोटी लोंढ्याहून येऊन परत जाणं फार वाईट.

७. रिपोर्टमध्ये "एसयूव्ही ८" लिहिलंय. म्हणजे चौथी स्टेज का?

नाही. एसयूव्ही म्हणजे त्या जागी औषध किती साचलं याचा आकडा, वजन आणि डोस लक्षात घेऊन काढलेला. औषध अंगभर सारखं पसरलं असतं तर सगळीकडं १ आला असता. ८ म्हणजे तिथं सरासरीच्या आठपट. स्टेज ठरते ती आजार कुठं कुठं पसरलाय यावरून.

आकडा वजन, शुगर, सुई आणि स्कॅनमधलं अंतर, यंत्र, सगळ्यांनी हलतो. शेजारच्या माणसाच्या एसयूव्हीशी आपला ताडून बघण्यात अर्थ नाही. लिम्फोमात, म्हणजे लसीका ग्रंथींच्या कॅन्सरात, तर डॉक्टर नुसत्या आकड्यावर न जाता गाठीची चमक त्याच माणसाच्या लिव्हरशी आणि छातीतल्या रक्ताशी ताडतात आणि १ ते ५ गुण देतात. रिपोर्टमध्ये "डोव्हिल" दिसलं तर ते हेच.

८. चकाकलं म्हणजे कॅन्सरच ना?

इथं मी थोडं जास्त लिहितो, कारण या एका गैरसमजानं घरंच्या घरं रडताना बघितलीत.

हेक्सोकायनेज ही काही कॅन्सरची खाजगी मालमत्ता नाही. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही साखर जोरात जाळतात. आपल्याकडं याचं सगळ्यात मोठं उदाहरण टीबी. छातीतल्या टीबीच्या गाठी एफडीजीनं अशा चमकतात की नुसत्या चित्रावरून कॅन्सर की टीबी हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. एका बाईंना स्तनाच्या कॅन्सरसाठी स्कॅनला पाठवलं होतं. छातीच्या मधोमध चार-पाच गाठी चमकल्या. घरच्यांनी "पसरला" म्हणून हाय खाल्ली, मुलगा पुण्याहून रातोरात आला. डॉक्टरांनी त्यातल्या एका गाठीचा तुकडा तपासला, तर टीबी. स्तनाचा आजार मूळ जागीच होता आणि उपचाराची दिशाच बदलली.

बाकीची कारणं भराभर सांगतो. ऑपरेशनची ओली जखम, न्यूमोनिया, दाढेतला पू, थायरॉइडची सूज. दंडात लस घेतली असेल तर त्या बाजूच्या काखेतल्या गाठी, म्हणून कुठल्या हातात, कधी घेतली ते सांगा. केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवायची सुई घेतली असेल तर सगळी हाडं उजळतात. करंट, म्हणजे रेडिएशन घेतल्यावर तिथला भाग कित्येक आठवडे सुजलेला असतो, म्हणून डॉक्टर साधारण तीन महिने थांबतात. उशीर करतायत असं वाटून भांडू नका. मेंदू, हृदय, किडनी आणि लघवीची पिशवी ही तर चमकतातच.

९. उलटं झालं. काहीच चकाकलं नाही, तरी डॉक्टर तुकडा काढा म्हणतात. कशाला?

कारण न चमकणाऱ्या गाठी असतात. लिव्हरचा कॅन्सर हे यातलं नमुनेदार उदाहरण. प्रश्न ३ मधली बुट्टी आठवा. लिव्हरपाशी ग्लुकोज-६-फॉस्फटेज नावाचं आणखी एक एन्झाइम असतं, जे फॉस्फेटची गाठ सोडतं. लिव्हरचं कामच आहे गरजेला साखर रक्तात सोडण्याचं. लिव्हरच्या गाठीची पेशी मूळ पेशीसारखीच राहिली असेल तर तिच्यातही हे एन्झाइम टिकून असतं. एक एन्झाइम कोंडतं, दुसरं सोडून देतं, आणि गाठ आजूबाजूच्या लिव्हरसारखीच फिकी दिसते. म्हणजे आजार आहे, पण आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तो देत नाही.

किडनीच्या काही गाठी, प्रोस्टेटच्या बऱ्याच गाठी, सावकाश वाढणाऱ्या न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या) गाठी आणि ज्यांत चिकट द्रव भरलेला असतो अशा गाठीही एफडीजीला फसवतात. शिवाय अगदी बारीक, ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ असेल तर यंत्राच्या नजरेतून सुटते.

१०. वडिलांना प्रोस्टेटसाठी "पीएसएमए पेट" सांगितलंय. हा वेगळा कसा? यालाही उपाशी राहायचं का?

पीएसएमए (प्रोस्टेट-स्पेसिफिक मेम्ब्रेन अँटिजेन) हे प्रोस्टेटच्या पेशींच्या बाहेरच्या भिंतीवर बसलेलं एन्झाइम आहे. नावावरून ते फक्त प्रोस्टेटमध्ये असावं असं वाटतं, पण तसं नाही. हेच एन्झाइम लहान आतड्यात पालेभाजीतल्या फोलेटची शेपटी तोडून ते पचण्याजोगं करतं. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये मात्र ते प्रचंड वाढतं.

या एन्झाइमच्या मधल्या खळग्यात जस्ताचे अणू बसलेले असतात. स्कॅनचं औषध त्या खळग्यात किल्लीसारखं नेमकं बसेल असं घडवलेलं असतं, आणि किल्लीला गॅलियम-६८ किंवा फ्लोरिन-१८ बांधलेलं असतं. साखरेशी संबंध नाही, म्हणून सहसा उपाशी राहावं लागत नाही. पाणी प्यावं, लघवी करून यावं. गॅलियमसाठी सायक्लोट्रॉनच लागतो असंही नाही, जनरेटर नावाच्या पेटीतून ते रोज काढता येतं. त्याचं आयुष्य मात्र फ्लोरिनपेक्षा कमी, ६८ मिनिटांत निम्मं.

रिपोर्टमध्ये लाळेच्या ग्रंथी, डोळ्यांच्या अश्रुग्रंथी, किडन्या चमकलेल्या दिसतील. ते नेहमीचंच आहे. याच किल्लीला गॅलियमऐवजी ल्युटेशियम-१७७ बांधलं की तपासणीचं औषध उपचाराचं होतं आणि गाठीला आतून मार बसतो. आधी स्कॅन करतात तो किल्ली बसते का हे बघायला. नंतर तोंड कोरडं पडतं ते लाळेच्या ग्रंथींवर बसलेल्या त्याच किल्लीमुळं.

११. पेपरात "एफएपीआय" स्कॅन वाचलं. तो एफडीजीपेक्षा भारी का?

भारी म्हणण्यापेक्षा वेगळा. गाठ म्हणजे नुसत्या कॅन्सरच्या पेशी नव्हेत. त्यांच्याभोवती तंतू विणणाऱ्या पेशींचं कुंपण असतं. एफएपी हे त्या कुंपणातल्या पेशींवरचं, प्रथिनं कापणारं एन्झाइम. त्याला अडवणारी औषधं, म्हणजेच एफएपीआय, जर्मनीत हायडेलबर्गच्या संशोधकांनी स्कॅनसाठी घडवली आणि २०१८ पासून ती गाजायला लागली. मेंदू आणि लिव्हर यात फिके राहतात, त्यामुळं पोटातल्या काही गाठी उठून दिसतात. पण भरत आलेली जखम, सांध्यांची झीज, कुठलाही व्रण यातही चमकतो.

१२. पीएसएमए, एफएपीआय ही एन्झाइम "किती आहे" दाखवतात की "किती काम करतंय" ते?

हा प्रश्न बेळगावच्या एका बी.एस्सी.च्या मुलीनं पाठवला. उत्तर: किती आहे ते. किल्ली एका कुलपात एकदाच बसते. एन्झाइम तिथं नुसतं बसून आहे की राबतंय हे त्यातून कळत नाही. एफडीजी वेगळं, कारण तिथं एन्झाइमला खरंच फॉस्फेट लावण्याचं काम करावं लागतं आणि एकेक एन्झाइम अनेक रेणू कोंडतं. फ्लोरोथायमिडीन नावाचं औषधही याच पठडीतलं. त्याला थायमिडीन कायनेज-१ कोंडतं, म्हणून पेशी डीएनएची नक्कल करण्याच्या बेतात आहेत का याचा अंदाज येतो.

काम थेट बघायचं असेल तर आणखी एक युक्ती आहे, आणि ती माझी आवडती आहे. प्रकाश देणारा रेणू घ्यायचा, त्याला त्याचा प्रकाश गिळणारा दुसरा रेणू बांधायचा, आणि मधली दोरी अशी ठेवायची की ती फक्त ठरावीक एन्झाइमच कापेल. दोरी शाबूत तोवर अंधार, कापली की उजेड. कॅथेप्सिन ही प्रश्न २ मधली पपेनच्या जातकुळीतली कात्री. तिच्यावर बेतलेलं असं औषध उंदरांच्या गाठींत १९९९ साली राल्फ वाइसलेडर यांच्या गटानं पेटवून दाखवलं. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत याच युक्तीच्या पेगुलिसायनिन या औषधाला स्तनाच्या ऑपरेशनसाठी मान्यता मिळाली: गाठ काढून झाल्यावर सर्जन पोकळीत खास दिवा धरतो आणि काही उरलंय का ते बघतो. जपानच्या उरानो आणि कोबायाशी यांनी २०११ मध्ये तर फवारा दाखवला. गाठीवर शिंपडला की जीजीटी एन्झाइम तो कापतं आणि मिनिटभरात हिरवा उजेड पडतो, तोही उंदरांत.

प्रकाश अंगातून फार खोलवर जात नाही. त्यामुळं हे सगळं उघड्या ऑपरेशनपुरतं आहे, अंगभर स्कॅनसाठी नाही.

१३. मेंदूच्या ऑपरेशनआधी पेशंटला काहीतरी प्यायला देतात आणि गाठ गुलाबी दिसते. तेही हेच का?

जवळपास, पण उलट्या बाजूनं. ते ५-एएलए. पेशी त्यापासून रक्ताला लाल रंग देणाऱ्या हीमच्या वाटेवरचा एक लालसर पदार्थ बनवतात. निरोगी पेशीत फेरोकेलाटेज एन्झाइम त्यात लोह घालून तो संपवतं. मेंदूच्या आक्रमक गाठींत हे एन्झाइम मंद असतं, पदार्थ तुंबतो आणि निळ्या प्रकाशात लाल-गुलाबी चमकतो. इथं एन्झाइमचं न राबणं दिसतं. प्यायल्यावर दिवसभर तरी उन्हापासून जपावं लागतं, कातडी भाजते.

१४. किरणं नकोत. एमआरआयमध्ये एन्झाइम बघता येत नाही का?

येतं, पण सध्या संशोधनात. कार्बन-१३ घातलेलं पायरुव्हेट (साखर जळताना मधे बनणारा पदार्थ) अतिथंडीत चुंबकीय रीतीनं "जागं" करून शिरेतून देतात. त्याचा संकेत दहा हजारपटीहून जास्त वाढतो, पण तो टिकतो एक-दोन मिनिटं. तेवढ्यात लॅक्टेट डिहायड्रोजनेज एन्झाइम त्याचं लॅक्टेट किती वेगानं करतंय ते मोजायचं. प्रोस्टेटच्या पेशंटवर याचा पहिला अभ्यास सॅन फ्रान्सिस्कोहून २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टरांनी लिहून दिलेला साधा एमआरआय म्हणजे हा नव्हे.

१५. स्कॅनहून आल्यावर नातवाला जवळ घ्यायचं का?

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मांडीवर नको, एवढंच. बारा तासांत फ्लोरिन-१८ किरणोत्साराच्या हिशेबानं एक टक्क्याच्या आसपास उरतं, आणि लघवीवाटेही जातं. पाणी प्या, लघवी तुंबवू नका. एसटीनं घरी जायला हरकत नाही. गर्भवती बाईशेजारी तेवढं बसू नका. दिवस गेले असतील, अंगावर पाजत असाल, तर सुईच्या आधी सांगा, नंतर नाही.

१६. आमचं रेशनकार्ड कर्नाटकचं, ट्रीटमेंट कोल्हापुरात. योजनेत बसेल का?

कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक आहे. महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचा निर्णय २०२४ च्या सुरुवातीला घेतला. पण ऑपरेशन, केमो योजनेत बसले म्हणून स्कॅनही बसेलच असं धरू नका. तारीख घेण्याआधी त्या दवाखान्याच्या योजना काउंटरवर आधार आणि कार्ड दाखवून विचारा, आणि उत्तर कागदावर घ्या. जुन्या स्कॅनची सीडी बरोबर ठेवा. नुसत्या फिल्मवरून एसयूव्ही मोजता येत नाही, आणि सीमा ओलांडली की जुनी सीडी "तिकडंच राहिली" हे वाक्य मी रोज ऐकतो.

१७. केमोनंतर गाठ तेवढीच आहे, पण डॉक्टर म्हणतात चांगला फरक आहे. खोटं बोलतायत का?

बोलत नसावेत. काम आधी थांबतं, मलबा नंतर हटतो. पोटाच्या जिस्ट नावाच्या गाठींत इमॅटिनिब ही गोळी सुरू केल्यावर साखरेचं शोषण एका दिवसातही पडलेलं दिसलंय, आणि आकार कमी व्हायला आठवडे-महिने गेलेत. मात्र आधीचा आणि नंतरचा स्कॅन शक्यतो त्याच यंत्रावर, सुईनंतर तेवढ्याच वेळानं झालेला हवा. नाहीतर प्रश्न ७ मधले आकडे ताडता येत नाहीत.

१८. एका स्कॅनमध्ये गाठ चमकली, दुसऱ्यात नाही. दोन दवाखाने, दोन रिपोर्ट. खरं कुणाचं?

आधी दोन्ही रिपोर्टवर औषधाचं नाव बघा. बहुतेक वेळा तिथंच उलगडा होतो.

संकेश्वरकडच्या एका गृहस्थांची न्यूरोएंडोक्राइन गाठ लिव्हरमध्ये उतरलेली. पहिला स्कॅन डोटाटेटचा. हे औषध एन्झाइमपाशी जात नाही, सोमॅटोस्टॅटिन नावाच्या संप्रेरकाच्या खुंटीवर जाऊन बसतं. प्रत्येक पेट एन्झाइमचाच असतो असं नाही, ते यावरून कळावं. त्यात लिव्हरमधले दोन ठिपके चमकले. दुसऱ्या शहरात एफडीजी केला, तर ते दोन्ही फिके आणि तिसरीच जागा पेटलेली. मुलगा दोन्ही रिपोर्ट टेबलावर आपटून म्हणाला, "एक तरी खोटा असणार."

दोन्ही खरे होते. या आजारात सावकाश वाढणाऱ्या पेशींवर खुंट्या भरपूर असतात आणि त्यांना साखरेची घाई नसते. पेशी बिघडून आक्रमक झाली की खुंट्या गळतात आणि हेक्सोकायनेज धावायला लागतं. एकाच माणसाच्या एकाच लिव्हरमध्ये दोन्ही स्वभावाच्या गाठी नांदत होत्या, आणि एका औषधानं दोघी दिसल्या नसत्या. तुकडा काढला तो त्या तिसऱ्या ठिपक्यातून, आणि केमो ठरली ती त्याच्या हिशेबानं.